माझ्या अंगात देवी नव्हती

माझ्या उजव्या पायाला करंगळी नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण मी बोलायला लागले की ऐकणाऱ्याची नजर हळूच माझ्या चपलेकडे जाते आणि मग माझ्या बोलण्याकडे लक्ष राहत नाही. बघून घ्या एकदा. बाकी मी धडधाकट आहे. भात लावते, झोडते, दोन मुलांवर ओरडते, नवऱ्याशी भांडते. मला कुष्ठरोग झाला होता आणि तो बरा झाला. आमच्याकडे त्याला रगतपिती म्हणतात, आणि तेही मोठ्याने म्हणत नाहीत.

हे लिहायला मला आमच्या उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी बसवलं. त्या म्हणाल्या, औषधाचं आम्ही सांगतो, भीतीचं तू सांग. त्यांना माहीत आहे, त्या बाबतीत माझा अभ्यास दांडगा आहे.

*

आमचं गाव शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या पुढे, आत. माझं माहेर मुरबाडकडचं, सिद्धगडाच्या पायथ्याचं. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पदरात दोन लेकरं होती. घरात सासूबाई, नणंद वनिता आणि आमचे हे. हे गवंडीकाम करतात, तेव्हा रोज शहापूरला जायचे. सासूबाईंना मी आई म्हणते. पहिली दोन वर्षं रीत म्हणून म्हणायचे.

माझ्या कोपराजवळ एक फिकट चट्टा उठला होता. खाजत नव्हता, दुखत नव्हता. मी शिंप्याला ब्लाउजच्या बाह्या दोन बोटं लांब करायला सांगितल्या. तो म्हणाला, वहिनी, नवीन फॅशन का? मी हो म्हटलं. उजव्या पायाला मुंग्या यायच्या, पुढे त्या मुंग्याही यायच्या बंद झाल्या. मला वाटलं, चला, बरं झालं. चालता चालता चप्पल पायातून निसटून मागे राहायची आणि मला पत्ताच नसायचा. आई मागून चप्पल उचलून आणायच्या नि म्हणायच्या, "सुमन, ध्यान कुटं हाय गो तुजा?"

ध्यान चट्ट्यावरच होतं. लहानपणी माहेरी आमच्या वस्तीबाहेर एका झोपडीत एक आजोबा राहायचे. त्यांच्या हाताची बोटं आखूड झाली होती. आम्ही पोरं त्यांच्यासाठी पानावर भात घेऊन जायचो आणि एका दगडावर ठेवून पळून यायचो. आजोबा लांबून म्हणायचे, पोरींनो, बसा की जरा. एकदाही बसले नाही मी. चट्टा दिसला तेव्हा मला तो दगड आठवला, म्हणून मी कुणालाच काही दाखवलं नाही. दोन वर्षं.

*

होळी झाली की आमच्याकडे राब भाजतात. ज्या तुकड्यात भाताचं रोप करायचं, तिथे शेण, पालापाचोळा, टहाळ, गवत पसरायचं आणि पेटवायचं. तण जळतं, राख खताला होते. त्या दिवशी राब पेटवला आणि वारा फिरला. आग बांधावरून शेजारच्या भागीकाकींच्या पेंढ्याच्या उडवीकडे निघाली. मी हिरवी फांदी घेऊन धावले आणि झोडपत सुटले. आग विझली. मी दम खात उभी राहिले. माझी चप्पल नेहमीप्रमाणे कुठेतरी राहिली होती आणि मी उजवा पाय धुमसत्या शेणात रोवून उभी होते, हे मला ठाऊकच नव्हतं.

भागीकाकींना दिसलं. काकी म्हणजे आमच्या आळीचं वर्तमानपत्र. त्यांनी हात जोडले.

"अरं बगा, इस्तवात उभी हाय नि डोल्यात टिपूस नाय. माजी उडवी राखायला गावदेवीच आली हिच्या अंगात."

आणि त्या माझ्या पाया पडल्या. त्यांच्या मागून बाकीच्या बायका पडल्या. एकट्या आई पडल्या नाहीत. त्यांना जळाल्याचा वास आला होता. त्यांनी घागर उचलली आणि सगळं पाणी माझ्या पायावर ओतलं.

आमच्या भागात हे असंच व्हायचं. विस्तवात उभ्या बाईला चटका लागत नाही म्हणजे देवी, यात कुणाला शंका येण्यासारखं काही नव्हतं. मलाही थोडं खरंच वाटलं. खोटं कशाला बोलू, वाटून घेतलं. चट्ट्याला रगतपिती म्हणण्यापेक्षा देवी म्हणणं किती सोपं होतं बघा.

आणि मला ते आवडलं. सहा वर्षांत कुणी बसायला पाट दिला नव्हता, आता दोन मिळू लागले, एक बसायला आणि एक पाय ठेवायला. मंगळवारी, शुक्रवारी बायका यायच्या. हळदीच्या पाण्याने पाय धुवायच्या आणि ते तीर्थ म्हणून घ्यायच्या. कुणी विचारलं, गाय कधी विणार? मी म्हटलं, गुरुवारी. गाय बिचारी माझी अब्रू राखायला गुरुवारीच व्याली. मग तर काय, बाजूच्या पाड्यावरूनही बायका येऊ लागल्या.

पाय मात्र बरा होत नव्हता. काकी रोज त्यावर अंगारा लावायच्या. करंगळी काळी पडत चालली होती, पण दुखत नव्हती ना.

*

नर्सबाई धाकटीला डोस पाजायला आल्या होत्या. त्यांनी पाय बघितला आणि डोस बाजूला ठेवला. मग माझी बाही वर केली. मला म्हणाल्या, डोळे मीट, मी पेनाचं टोक लावीन, लागलं की सांग.

मी हुशारी केली. त्यांनी हात धरला की माझ्या बांगड्या किणकिणायच्या, त्या आवाजावर मी "लागलं, लागलं" म्हणत होते. बाई माझ्याहून हुशार. त्यांनी बांगड्या वर सरकवून घट्ट धरल्या आणि पुन्हा डोळे मिटायला लावले. मी वाट बघत बसले. बराच वेळ काहीच होईना. शेवटी म्हटलं, बाई, करा ना सुरू.

"झालं माझं," त्या म्हणाल्या. "सहा वेळा लावलं."

मग त्यांनी माझ्या शेजारी बसून रोगाचं नाव सांगितलं. माझा हात त्यांनी हातातच ठेवला होता, हे मला खूप नंतर जाणवलं. पहिला विचार लेकरांचा यायला हवा होता. तो आला नाही. माझ्या मनात आलं, काकींनी ऐकलं का? मी दाराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं. बाई म्हणाल्या, गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, गोळ्या सुरू झाल्या की कुणाला लागतही नाही, पण पाय शहापूरला लगेच दाखव. मी मान हलवली. मला फक्त दगडावरचा भात दिसत होता.

संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं. हे फार बोलणारे नाहीत. हात धुतले, पाय धुतले, तोंड पुसलं. मग म्हणाले, "मंग गोल्या खा." त्यांच्या लेखी प्रश्न संपला.

आईंच्या लेखी संपला नाही. वनिताचं मुरबाडकडे जमत आलं होतं. चैत्रात आमच्या गावदेवीची जत्रा भरते. त्या जत्रेला मुलाकडची माणसं येणार होती. आई बराच वेळ तांदूळ निवडत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "जत्रा होऊ दे. तवर गप ऱ्हा." मलाही तेच हवं होतं. देवी होऊन आणखी तीन आठवडे काढायचे, मग पुढचं पुढे.

बाईंनी दुसऱ्या दिवशी आणून दिलेलं गोळ्यांचं पाकीट मी भाताच्या कणगीत लपवलं. पहिल्या लाल गोळीनंतर लघवी लाल होते, हे बाईंनी आधीच सांगितलं होतं म्हणून बरं. काकींना कळलं असतं तर त्याचंही कुंकू झालं असतं.

*

जत्रेच्या आदल्या दुपारी देऊळ सारवायला मी गेले. देऊळ कसलं, पत्र्याखाली शेंदूर लावलेला दगड आणि पुढे ओटा. आळीतल्या बायका जेवायला गेल्या होत्या. मी आणि ती, दोघीच.

मी लहानपणापासून देवीशी मोठ्याने बोलते. त्या दिवशी बोलायला तोंडच उघडेना. तिच्या नावावर मी पाय धुऊन घेत होते. उद्या खरं सांगितलं तर ती कोपेल, लेकरांना काही करेल, अशी भीती वाटत होती. खोटं चालू ठेवलं तरी तीच भीती. सारवता सारवता माझा हात थांबला. मी म्हटलं, बाई, तू खरी आहेस हे मला माहीत आहे. पहिल्या बाळंतपणात मी मरता मरता तुझा धावा केला आणि वाचले. मग तू खरी ठरायला माझा भाजलेला पाय कशाला लागतोय तुला?

फूल पडलं नाही, काही नाही. पण मला इतकं रडू आलं आणि रडून झाल्यावर इतकं हलकं वाटलं, की मी उरलेला ओटा भराभर सारवून टाकला. तिला माझी गरज नाही, मला तिची आहे, एवढंच ते होतं. जिच्यावर आपला जीव आहे तिला घाबरायचं कसं? तरी उद्या बोलायचं असं मी ठरवलं नव्हतं. इतकी शूर मी नाही. जत्रा झाल्यावर हळूच काकींना सांगू, असं ठरवलं.

*

जत्रेच्या दिवशी मला देवळाच्या ओट्यावर बसवलं. ढोल चालू होता. समोर पंगत बसत होती. मुलाकडची चार माणसं पुढेच बसली होती आणि वनिता नवी साडी नेसून आईंच्या मागे लपत होती. तेवढ्यात भागीकाकी आपल्या सुनेला हाताला धरून घेऊन आल्या. सुगंधा तिचं नाव. लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं, एकोणीस-वीसची पोर. लाजून हसत होती.

काकींचा चेहरा अभिमानाने फुलला होता. त्यांनी सुगंधाचा हात माझ्यापुढे धरला आणि चारचौघांना ऐकू जाईल असं सांगितलं, की ही तापल्या तव्यावरची भाकरी हाताने काढते, हिलाही चटका लागत नाही, हिच्याही अंगात देवी येते आहे, तू हिच्या डोक्यावर हात ठेव.

मी तिचा हात बघितला. दोन बोटांची टोकं भाजून काळी पडली होती. एकावर फोड फुटलेला. मनगटाच्या वर माझ्यासारखाच फिकट चट्टा होता. ती माझ्याकडे इतक्या आशेने बघत होती. मी जशी पाटावर बसत होते, तशी आता ती बसणार होती. आणि मग तिची बोटं आखूड होणार होती.

माझा हात तिच्या डोक्यावर गेलाच नाही. मी उठून उभी राहिले.

"काकी, ही देवी नाय. हा रोग हाय. रगतपिती. मला पन हाय. राबात माजा पाय भाजला नि मला कललाच नाय, म्हनून उभी ऱ्हायले मी. हिला दवाखान्यात न्या. आजच न्या."

ढोल थांबला. आकाश कोसळलं नाही, देवी कोपली नाही, पण माणसं म्हणजे माणसं. ज्या बायकांनी माझं तीर्थ घेतलं होतं त्यांतल्या दोघी-तिघी देवळामागे जाऊन थुंकू लागल्या. आज आठवलं की हसू येतं, तेव्हा वाटलं जमीन दुभंगावी. काकींनी सुगंधाला मागे खेचलं आणि म्हणाल्या, स्वतःचं पाप माझ्या सुनेवर ढकलतेस? मुलाकडची माणसं पानावरून उठली. कुणीतरी म्हणालं, हिला आधी देवळातून उतरवा. माझ्याभोवती मोकळी जागा पडली. लांबून बघणारी तोंडं आणि मध्ये मी एकटी.

मग पंगतीतून आई उठल्या. हातात भाताचं पान होतं. मला वाटलं, त्या पान खाली ठेवून जाणार. त्या ओटा चढून आल्या, माझ्या शेजारी मांडी घालून बसल्या, मला हाताला धरून बसवलं आणि पान दोघींच्या मध्ये ठेवलं.

"चूक माजी हाय," त्या सगळ्यांना म्हणाल्या. "मीच गप बसवली हिला." आणि मला म्हणाल्या, "जेव."

त्याच पानातून त्यांनी घास घेतला. मीही घेतला. त्यांच्या मुलीचं लग्न माझ्यापायी मोडलं होतं आणि त्या माझ्या भातावर वरण कालवत होत्या. त्या दिवसापासून मी त्यांना आई म्हणते ते रीत म्हणून नाही.

*

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने शहापूरला गेलो. सरकारी दवाखान्यात तीन आठवडे राहिले. करंगळी काढावी लागली. ती गेली तेव्हाही दुखली नाही, नुसतं वाईट वाटलं. सकाळी पाय टबात भिजवायचा, मेलेली कातडी घासायची, तेल लावायचं, पट्टी करायची, पाय वर ठेवून पडायचं. आयुष्यात इतकं पडून राहायला मिळालं नव्हतं. पट्टी करणारी सिस्टर हातमोजे घालायची, पण काम झालं की ते काढून माझ्या गालावर हात ठेवायची. तिला वाटत असेल, त्यात काय एवढं. मी दिवसभर त्या हाताची वाट बघायचे.

आमचे हे काम सुटलं की सिमेंटच्या हातांनी यायचे. सिस्टरने त्यांना शिकवलं, की हिला पायाचं कळत नाही, तेव्हा रोज तळवा बघायचा, काटा, खडा, फोड. तेव्हापासून आजतागायत हे रोज संध्याकाळी जेवायच्या आधी माझे तळवे बघतात, गिलावा तपासल्यासारखे हात फिरवून. कधी भांडण झालेलं असतं, बोलणं बंद असतं, तरी पाय पुढे कर म्हणून खूण करतात. मीही फुरंगटून पाय पुढे करते.

वनिता दोन महिने माझ्याशी बोलली नाही. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पुढे तिचं दुसरीकडे जमलं, चांगलं जमलं. त्या माणसांना आईंनी पहिल्याच बैठकीत सगळं सांगितलं होतं. आता ती माहेरी आली की माझ्याच शेजारी झोपते, पण ते दोन महिने मला अजून टोचतात.

ज्यांना असा चट्टा आहे आणि जे हे वाचताना बाही खाली ओढत आहेत, त्यांना मी एवढंच सांगते. मी दोन वर्षं लपवलं म्हणून करंगळी गेली. दाखवलं असतं तर गेली नसती. देवावर श्रद्धा असेल तर आणखी चांगलं, त्याला सोबत घेऊन जा दवाखान्यात. माझी देवी माझ्याबरोबर एसटीत होती.

*

गावी परतले, पण सुगंधाचं माझ्या मनातून जाईना. दोनदा त्यांच्या दारात गेले. काकींनी दार लावून घेतलं. नर्सबाई जाऊन आल्या, त्यांना काकींनी सांगितलं सून माहेरी गेली आहे. मागच्या दारी तिची बांगडी वाजत होती.

मग माझ्या हातात एकच गोष्ट उरली, लोकांना दिसत राहणं. महिन्याची पहिली गोळी उपकेंद्रात बाईंच्या समोर घ्यायची असते. लपवायची असेल तर आतल्या खोलीत घेता येते. मी मुलांच्या डोसच्या दिवशी जायचे, सगळ्या गावातल्या बायका असायच्या तेव्हा. व्हरांड्यातल्या बाकावर बसायचे, आणि बाकावर मी बसले की बाक रिकामा व्हायचा. सगळ्यांसमोर गोळी तोंडात टाकायचे. मनात देवीचं नाव घ्यायचे आणि गिळायचे. त्या गोळ्यांनी रंग काळवंडतो, म्हणून पोरं मला काळी देवी म्हणू लागली. तेवढीच पदवी शिल्लक होती, मी ठेवून घेतली.

वैशाख गेला, ज्येष्ठ गेला. आषाढात लावणीची धांदल, तरी गेले. पाऊस लागलेला होता. बाकावर मी एकटी बसले होते. बाई माझं कार्ड काढत होत्या. तेवढ्यात माझ्या शेजारी कुणीतरी येऊन बसलं. ओलं लुगडं, हात पदराखाली. सुगंधा होती.

बाईंनी आवाज अगदी खाली आणला आणि तिला म्हणाल्या, आत चल, दार लावते.

"हितंच लिवा नाव," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला. तिने पदराखालून हात काढला आणि बाकावर उघडा ठेवला. बोटं होती. सगळी होती.

मी कुंपणाकडे बघितलं. भागीकाकी तिथे पावसात छत्री धरून उभ्या होत्या, आमच्याकडे पाठ करून. जात नव्हत्या. बाईंनी नाव लिहिलं आणि गोळी सुगंधाच्या तळहातावर ठेवली. पोरगी गोळीकडे बघत राहिली. मग तिने मान वळवून हाक मारली.

"आत्याबाय, पानी आना."

कुंपणापाशी छत्री हलली नाही. मग काकी वळल्या, चिखल तुडवत आल्या, छत्री मिटली आणि माठातलं पाणी तांब्यात घेतलं. सुगंधाने गोळी गिळली आणि तांब्या माझ्यापुढे धरला. माझी गोळी अजून हातातच होती.

मी काकींकडे बघितलं. त्यांच्या घरचं माणूस आत्ता ज्या तांब्याने प्यालं होतं, तोच तांब्या होता.

"पी गो," काकी म्हणाल्या आणि आमच्या बाकावर येऊन बसल्या.